बंदुकीची गार

खंडेनवमीस आमच्या नाशिकच्या वाड्यांत शस्त्रांची पूजा होते. शस्त्रें म्हणजे दोन गंजलेल्या तलवारी, एक कट्यार आणि एक चकमकीची बंदूक. बंदुकीचा कान पूर्वींच शिशानें बुजविलेला असल्यामुळें ती उडण्याचें भय नाहीं. (ज्यांच्या घरीं तो उघडा असेल, त्यांनीं नळींत जुनी दारू नाहीं ना, हें जाणत्याकडून आधीं पाहून घ्यावें.) यंदा आमच्या पुतण्याच्या ध्यानांत आलें कीं, घोड्याच्या जबड्यांत गारच नाहीं. “काका, दांत नसलेल्या वाघाची पूजा कसली करतां?” असें म्हणून स्वारी गोदावरीच्या पात्रांतून एक गारगोटी घेऊन आली. ती फोडून त्यानें एक तुकडा काढला; पण त्याच्या पाठीवर उंचवटा राहिल्यामुळें तो जबड्यांत बसेना. तेव्हां माजघरांत विजेवर फिरणारें धार लावण्याचें चाक मांडून त्यानें तो घासण्यास आरंभ केला. पांच मिनिटांत देवघरापर्यंत पांढरी धूळ गेली. थोरल्या वहिनी पदर नाकाशीं धरून म्हणाल्या, “भावोजी, हें आधीं बंद करायला सांगा. मुलें खोकूं लागलीं आहेत.” आम्हीं तें हंसण्यावारीं नेलें. ही आमची चूक झाली. ती कशी, हें सांगण्यासाठींच आजचा हा प्रपंच.

चाप ओढला कीं घोडा पुढें झेपावतो आणि त्याच्या जबड्यांतील गार समोरच्या पोलादी पट्टीवर खरडत जाते. ठिणगी दगडांतून निघते असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. गारेची तीक्ष्ण कड पोलादाचे सूक्ष्म कण तासून काढते, आणि ते कण हवेंत जळतात. त्याच धक्क्यानें पट्टी उलटून तिच्याखालची वाटी उघडी पडते, तींतील रंजक पेट घेतें आणि आग कानांतून आंतल्या दारूस पोंचते. म्हणजे येथें दगडाचें काम जळण्याचें नसून कापण्याचें आहे. त्यासाठीं तो पोलादाहून कठीण हवा. पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणींतून निघालेले आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयासारख्या ठिकाणीं पाहून डोळे निवतात असे जे हिरवे-पांढरे स्फटिक, त्यांतील बहुतेक या कामीं निरुपयोगी. पोलादच त्यांना ओरखडतें. उलट काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जमलेली, रूपानें सामान्य अशी गार किंवा अकीक बरोबर उपयोगी पडते.

त्र्यंबकचा किल्ला आणि मालेगांवचा भुईकोट इंग्रजांनीं १८१८ सालीं घेतला, तेव्हां कंपनीच्या शिपायांच्या हातांत अशाच बंदुका होत्या. पेटता तोडा सांभाळण्याचा त्रास गारेमुळें वांचला खरा. परंतु वीस-तीस बार झाले कीं एका गारेची धार जाई. फौजेला अशा लक्षावधि गारा लागत, आणि इंग्लंडांतील सफोक परगण्यांतलें ब्रँडन हें गांव त्यांवर पोसलें. तेथील कारागीर मांडीवर चामड्याची गादी बांधून तीवर काळ्या गारेचा धोंडा ठेवी आणि हातोड्याच्या बेतशीर घावांनीं त्याचीं लांब पातीं सोलून काढी. पात्याच्या पाठीवर दोन समांतर शिरा उमटल्या पाहिजेत. तशा उमटल्या तर मधला भाग आपोआप सपाट. एकच शीर आली तर उंचवटा. मग लांकडी ओंडक्यांत रोंवलेल्या लोखंडी पात्यावर ठेवून त्याचे चौकोनी तुकडे पाडीत. आमच्या पुतण्याला जो सपाटपणा चाकावर हवा होता, तो वस्तुतः घावांतच मिळवावयाचा असतो.

आणि ही विद्या कांहीं विलायतेचीच नव्हे. जुन्या नाशकांतील मातीच्या गढीचें व संगमनेरजवळच्या जोर्वे गांवचें उत्खनन डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनीं १९५०-५१ सालीं केलें, त्यांत गारेचीं बारीक हत्यारें सांपडलीं. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे हे जोर्वे संस्कृतीचे लोक आधीं दगडावर एक शीर घडवीत आणि तिच्या अनुरोधानें पातें सोडवीत. बंदूक त्यांना ठाऊक नव्हती. घाव मात्र ठाऊक होता.

आतां धुळीविषयीं. ब्रँडनच्या कारागिरांपैकीं अनेकांस फुप्फुसाच्या विकारानें अकाळीं मरण आलें. आपल्याकडे खंबायतला अकीक घासणारांना तोच रोग जडतो. डॉक्टर त्यास सिलिकोसिस म्हणतात. या धुळीचा डोळ्यांस न दिसणारा भागच फुप्फुसांत खोल रुततो, आणि एकदां निबर झालेलें फुप्फुस पूर्ववत् करणारें औषध नाहीं. एका दिवसाच्या धुळीनें कोणी आजारी पडतो असें नव्हे. परंतु ज्या घरांत लहान मुलें रांगतात तेथें ही धूळ कोरडी उडवावयाची, याला अविचाराशिवाय दुसरें नांव नाहीं. वहिनींचें म्हणणें आम्हीं पहिल्या शब्दालाच ऐकावयास हवें होतें, आणि तसें त्यांना आम्हीं सांगितलेंही.

चाक त्याच दिवशीं परत गेलें. पुतण्यानें मागच्या अंगणांत, मुलांना दूर ठेवून, डोळ्यांस चष्मा व तोंडास घट्ट मुखपट्टी लावून नव्यानें आरंभ केला. सात-आठ गारगोट्या वायां गेल्यावर दोन शिरांचा एक तुकडा निघाला. त्याची कड फुटली तशीच राहूं दिली. घासलेली कड गुळगुळीत होते आणि पोलादावरून नुसती घसरते. बुडाशीं जो थोडा फुगवटा होता, तेवढाच कुरुंदाच्या दगडावर पाणी सोडीत उतरविला. त्यासाठीं स्वारीनें प्रथम स्वयंपाकघरांतला पाटा मागितला होता. गारेपुढें पाटाच झिजेल, हें वहिनींनीं त्याला आमच्या आधीं सांगितलें. शेवटीं चामड्याच्या घडींत धरून गार जबड्यांत आवळली व घोडा सोडला. तीन ठिणग्या वाटींत पडल्या.

वहिनींनीं तोंवर माजघर ओल्या फडक्यानें दोनदां पुसून घेतलें होतें.