दोन खाती

पूर्वी पगार म्हणजे महिनाअखेरीस पासबुकात जमा होणारी एक ठरलेली रक्कम असे. ती सावकाश वाढे. पण शेअर बाजाराबरोबर रोज खालीवर होत नसे. पुणे, बंगळुरू येथील मोठ्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या आजच्या पिढीला मात्र वेतनाचा बराच भाग कंपनीच्या समभागांच्या रूपाने मिळतो. भाव चढता असतो तोवर घरात त्याचे कौतुक चालते. नव्या सदनिकेचा हप्ताही मनातल्या मनात त्यावरच बेतलेला असतो. भाव कोसळला की बोलणे थांबते. मुलगा जेवताना फोन पालथा ठेवतो. नोकरी शाबूत आहे, पगारही वेळेवर येतो, मग याचे कामावरून मन का उडाले, हे आईवडिलांना उमगत नाही.

फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचा समभाग सप्टेंबर २०२१ मध्ये ३८० डॉलरच्या वर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ९० डॉलरच्या खाली आला आणि त्याच महिन्यात कंपनीने ११,००० जणांना कमी केले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच समभागाने जुना उच्चांक ओलांडला. या काळात तेथील अभियंत्यांचे कौशल्य आधी चौथाईवर आले आणि मग चौपट झाले, असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेतील व्याजदर वाढले, ॲपलने आपल्या फोनवरील गोपनीयतेचे नियम बदलल्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न घटले, आभासी जगावरील अवाढव्य खर्चाने गुंतवणूकदार धास्तावले. यांपैकी काहीही एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातचे नव्हते.

तथापि भाव परत येईलच, या आशेवर बसून राहणेही शहाणपणाचे नाही. सिस्कोचा समभाग मार्च २००० मध्ये ८० डॉलरच्या आसपास होता; २००२ मध्ये तो १० डॉलरच्या खाली गेला आणि वीस वर्षांनंतरही त्याने जुनी पातळी गाठली नव्हती.

अशा वेळी बँकेच्या जुन्या शिस्तीप्रमाणे दोन खाती वेगळी मांडावीत. एक नोकरदाराचे, दुसरे गुंतवणूकदाराचे. समजा, २,००० रुपये भाव असताना १०० समभाग कर्मचाऱ्याच्या नावे झाले. त्या दिवशी २ लाख रुपये त्याच्या पगारात धरले जातात आणि ३० टक्के दराने, उपकरासह, ६२,४०० रुपये कर लागतो. तो कर त्याने खिशातून भरला, समभाग ठेवून दिले आणि भाव ७०० वर आला, तर हाती उरतात ७०,००० रुपयांचे समभाग. भरलेला कर परत मिळत नाही. ते विकून झालेला १ लाख ३० हजारांचा तोटा पगारातून वजा होत नाही. तो केवळ भांडवली नफ्यातून, तोही पुढील ८ वर्षांच्या मुदतीत, वळता करता येतो. समभाग न विकणे म्हणजे त्या दिवशीच्या भावाने ते विकत घेणेच होय. हा निर्णय साहेबांचा नव्हे, कंपनीचाही नव्हे; तो ज्याचा त्याचा. पण त्याचा राग बहुधा कामावर निघतो आणि गुंतवणुकीचा तोटा नोकरीच्या खात्यावर नावे पडतो.

अद्याप हाती न आलेल्या समभागांची गोष्ट निराळी. त्यांचा भाव उतरणे ही खरोखरीची वेतनकपात आहे. तिला मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. कंपन्याही हे ओळखतात. २००९ मध्ये गूगलने कर्मचाऱ्यांना बाजारभावापेक्षा महाग झालेले जुने समभाग विकल्प परत करून तितकेच नवे, ३०८.५७ डॉलर दराचे, विकल्प घेण्याची मुभा दिली. बदल्यात त्यांचा हक्क मिळण्याची मुदत वर्षभराने लांबली. (सामान्य भागधारकाला मात्र त्याचा जुना खरेदीभाव कोणी बदलून दिला नाही.) म्हणून वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी नव्या समभागांविषयी स्पष्ट बोलावे, संकोच करू नये. आजच्या भावाने एकूण वेतन मांडावे आणि हीच नोकरी आज नव्याने समोर आली असती तर स्वीकारली असती का, हे स्वतःला विचारावे. उत्तर नाही असे आले, तर अर्ज पाठवण्यास लागावे. रोज कुढत तेथेच बसू नये. उत्तर होय असे आले, तर ते बहुधा कामातील गोडीमुळे, शिकायला मिळणाऱ्या नव्या विद्येमुळे किंवा चांगल्या सहकाऱ्यांमुळे आलेले असते, आणि यांपैकी एकाचाही भाव बाजार ठरवत नाही.

राहिला घराचा हप्ता. तो केवळ रोख पगारातून भागतो की नाही, हे नवराबायकोने एका संध्याकाळी कागद घेऊन पाहावे. भागत नसेल, तर एकही हप्ता थकण्यापूर्वी बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून मागावी. एकूण व्याज वाढेल, हे खरे. परंतु हप्ते नियमित असलेल्या कर्जदाराचे म्हणणे शाखेत ज्या सहजतेने ऐकले जाते, त्या सहजतेने थकबाकीदाराचे ऐकले जात नाही.