तटस्थ कॅमेरा नावाची भाकडकथा

ग्रामीण कादंबरीवरच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हटकून भेटते : 'लेखकाने वास्तव कॅमेऱ्याच्या तटस्थतेने टिपले आहे.' दोष विद्यार्थ्यांचा नाही. वाक्य आम्हा प्राध्यापकांच्याच नोट्‌समधले आहे, आणि लिहिणाऱ्या बहुतेकांनी फिल्मचा कॅमेरा कधी हाताळलेला नाही.

काटोलच्या बाजारात कापसाच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या सावळ्या हमालाचे छायाचित्र फिल्मवर घेऊन पाहावे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे, असे गृहीत धरतो. चौकटीत कापूसच कापूस असला की त्याला प्रकाश फार वाटतो. मग कापूस करडा उतरतो आणि हमालाचा चेहरा काळोखात जातो. छिद्र दीड-दोन स्टॉप जास्त उघडावे लागते. ते उघडायचे की नाही, हे यंत्र सांगत नाही.

यावर एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेतला की प्रश्न मिटतो. मुळीच नाही. भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हा ठोकताळा ३५ मिलिमीटरला जितका लागू तितकाच १२० च्या रोलला. प्रकाश फिल्मच्या दर चौरस मिलिमीटरवर किती पडतो याला महत्त्व. फिल्म केवढी, याला नाही. आकार आडवाटेने मात्र आत शिरतो. मोठ्या चौकटीत तेवढीच खोली स्पष्ट हवी तर छिद्र लहान करावे लागते, मग वेळ वाढतो, आणि हमालाला स्तब्ध उभे राहावे लागते. शिवाय ३५ मिलिमीटरच्या रोलवरची ३६ चित्रे एकाच रसायनात, एकाच मिनिटांच्या हिशोबाने धुतली जातात. सुट्या पत्र्याची फिल्म एकेक करून धुता येते. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बसवलेली झोन पद्धत पत्र्याच्या फिल्मवर पुरती साधते ती यामुळेच : काळोखाचा भाग कोणत्या छटेत ठेवायचा ते आधी ठरवायचे, उजेडाचा भाग धुताना आवरायचा.

ठरवायचे, असे म्हटले. तटस्थता उरली कुठे?

फिल्मलाही स्वतःचे पूर्वग्रह असतात. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) काळची कृष्णधवल फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर कुंकू काळे उमटे. आमची संत्रीही काळवंडलीच असती.

'अहो, तो नुसता दृष्टान्त आहे,' असे म्हणून हात झटकता येतील. पण हा दृष्टान्त फुकटचा नाही. कोणाचा चेहरा अंधारात राहिला याचा जाब लेखकाला विचारण्याची जबाबदारी तो समीक्षकावरून अलगद उतरवतो. आणि आपण विद्यार्थ्यांना या सुटकेचे दहापैकी सात गुण देतो. निदान येत्या परीक्षेत त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून 'मापन कशावरून घेतले?' एवढे तरी समासात लिहावे.