बटणं मोजू नका, थ्रॉटल हलवून बघा

पिंपळे सौदागरमध्ये शेअरिंग फ्लॅट किंवा पीजीत राहणाऱ्याला टेबल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यावरच लॅपटॉप, त्यावरच मेसचा डबा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावरच तिघांच्या फाइल्स. आता याच टेबलावर फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल मांडायचा बेत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात शिजतोय. कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, 'बजेट इतकं आहे, कुठला घेऊ?' आणि उत्तरं येतात ती बटणांच्या आकड्यात. याला बारा बटणं, त्याला तीस, हा घेतलास तर लाइट पण लागते!

माझं मत सरळ आहे. बटणं मोजून जॉयस्टिक घेणं म्हणजे हॉर्नचा आवाज ऐकून बाइक घेण्यासारखं आहे. पैसे घालायचे असतील तर ते थ्रॉटलवर आणि आतल्या सेन्सरवर घाला. आणि त्याच्याही आधी, आपल्याला नक्की काय उडवायचंय, ते ठरवा.

काय उडवायचंय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण प्रत्येक विमानात हातांची वाटणी वेगळी असते. लढाऊ विमानात उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल. दोन्हींवर महत्त्वाची बटणं असतात, म्हणजे ऐन लढाईत हात काढावा लागत नाही. यालाच 'होटास' म्हणतात, हँड्स ऑन थ्रॉटल अँड स्टिक. पहिली सुखोई-३० विमानं १९९७ मध्ये आपल्या लोहगावलाच दाखल झाली. त्यामुळे पुण्यातल्या पोरांना फायटरचं वेड असणं साहजिक आहे. तुमचं वेड तेच असेल, तर होटास सेट घ्या.

पण तुम्हाला पुणे-दिल्ली फ्लाइट चालवायची असेल तर? एअरबस ए-३२० मध्ये साइडस्टिक असते आणि कॅप्टन डावीकडे बसतो. म्हणजे त्याच्या डाव्या हातात स्टिक आणि उजव्या हाताला, मधोमध, थ्रस्ट लिव्हर. बाजारातल्या बहुतेक जॉयस्टिकची मूठ उजव्या हाताला बसेल अशी घडवलेली असते. ती घेऊन एअरबस उडवलीत, तर तुम्ही कायमचे को-पायलट! कॅप्टन व्हायचं असेल तर दोन्ही हातांना चालणारी स्टिक बघा. थ्रस्टमास्टरच्या टी-१६००० एम स्टिकमध्ये आणि त्यांच्याच एअरबस साइडस्टिकमध्ये ती सोय आहे. बोइंग ७३७ किंवा छोटं सेस्ना १७२ आवडत असेल, तर त्यात स्टिकच नसते, स्टिअरिंगसारखा 'योक' असतो. योक घेतलात की टेबलाचा पुढचा भाग गेला, डबा मांडीवर घेऊन जेवा.

आता थ्रॉटलकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. सिम्युलेटरमध्ये पहिले चार दिवस टेकऑफचे असतात. फुल पॉवर दिली, स्टिक मागे ओढली, उडालो. पाचव्या दिवशी लँडिंग करायला जाता आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे तरी आपटतं किंवा पलीकडे तरी जातं. एअरपोर्टच्या जागी व्हीएपीओ हा कोड टाका, लोहगाव उघडेल. उतरून बघा. छोट्या विमानात उतरताना नाकाची दिशा मुख्यतः वेग सांभाळते आणि खाली किती झपाट्यानं यायचं, ते इंजिनची पॉवर ठरवते. म्हणजे शेवटच्या दोन-तीन मिनिटांत डावा हात सतत काम करत असतो. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा किंचित पुढे.

हे काम कीबोर्डवर नीट होत नाही, कारण की दाबली की पॉवर टप्प्याटप्प्यानं वाढते. गेमपॅडवरही होत नाही, कारण त्याची छोटी दांडी सोडली की मधोमध परत येते. खरा थ्रॉटल जिथे ठेवाल तिथेच राहतो, आणि स्क्रीनकडे न बघता हाताला कळतं की आपण किती पॉवर दिली आहे. म्हणून दुकानात किंवा मित्राकडे गेलात तर स्टिक नंतर पकडा, आधी थ्रॉटल हलवून बघा. केसभर हलवता येतो का? सुरुवातीला अडकून मग झटक्यानं पुढे जातो का? अडकत असेल तर तो सेट तिथेच ठेवा, लाइट कितीही भारी असू दे.

दुसरी गोष्ट आतला सेन्सर. स्वस्त जॉयस्टिकमध्ये बहुधा पोटेन्शियोमीटर असतो. एका पट्टीवर एक टोक घासत फिरतं आणि त्यावरून स्टिक कुठे आहे ते कळतं. घासणारी गोष्ट झिजते, त्यात धूळ जाते आणि मग हात स्थिर असतानाही विमान डुलायला लागतं. हॉल सेन्सरमध्ये काही घासतच नाही. लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. आपल्या पट्ट्यातल्या ऑटोमोबाइलवाल्यांना तो नवा नाही. इलेक्ट्रिक स्कूटरच्या ॲक्सिलरेटरमध्येही बहुधा हाच सेन्सर असतो. टी-१६००० एम या नावातला आकडासुद्धा बटणांचा नाही. स्टिकची हालचाल किती बारीक टप्प्यांत मोजली जाते, त्याचा आहे. प्रत्येक अक्षावर १६ हजारांहून जास्त टप्पे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. खोक्यावर 'हॉल' लिहिलं म्हणजे सगळीकडे हॉल असेलच असं नाही. बऱ्याचदा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल असतो, पण मूठ पिळायच्या ट्विस्टला आणि थ्रॉटलला जुनाच पोटेन्शियोमीटर असतो. विचारून घ्या.

ट्विस्टचा विषय निघालाच आहे, तर रडरबद्दलही बोलू. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायला खऱ्या कॉकपिटमध्ये पायाशी पेडल असतात. पीजीतल्या गुळगुळीत फरशीवर चाकांच्या खुर्चीत बसून पेडल दाबलं की खुर्ची मागे आणि पेडल पुढे सरकतं. त्यामुळे आपल्यासाठी मूठ पिळून रडर चालवता येणारी स्टिकच बरी. आणि इथेच महागड्या सेटची गंमत आहे. थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग हा ए-१० सी विमानाच्या कंट्रोल्सची धातूची प्रतिकृती. वजनदार, देखणा, पोस्टरवर लावावा असा. पण त्याच्या स्टिकला ट्विस्ट नाही. म्हणजे एवढे पैसे मोजून वर पेडल घ्यायचे, मग खुर्ची बदलायची. घरच्यांच्या पैशांवर किंवा पहिल्या स्टायपेंडवर 'नो कॉस्ट' ईएमआय काढून हे करायचं?

मग घ्यायचं काय? पहिल्या तीन महिन्यांसाठी लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारखी साधी ट्विस्ट जॉयस्टिक पुरे. थ्रॉटलची छोटी पट्टी तिच्या बुडाशीच असते आणि टेबलावरची जागाही कमी लागते. सॉफ्टवेअरवर एक रुपया घालू नका. फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे. फायटरवाल्यांसाठी डीसीएस वर्ल्डमध्ये सुखोई-२५ टी आणि टीएफ-५१ ही दोन विमानं फुकट मिळतात. तुमचा लॅपटॉप हे किती झेपवतो, तेही याच काळात कळेल. स्क्रीन अडखळत असेल तर जगातली कुठलीही स्टिक ते दुरुस्त करणार नाही.

तीन महिन्यांनीही आठवड्यातून दोन-तीनदा उडत असाल, तर पुढची पायरी घ्या. हॉल सेन्सरची स्टिक आणि वेगळा, लांब सरकणारा थ्रॉटल. दोन इंजिनांसाठी दोन लिव्हरच हव्यात असं काही नाही. एक इंजिन बंद पडल्यावर काय करायचं याचा सराव करायचा असेल, तरच त्यांचा खरा उपयोग. सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही. फक्त विकणाऱ्याला विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल उघडून व्हिडिओ पाठवायला सांगा. स्टिक सोडल्यावर खूण बरोबर मध्ये येते का? हात न लावता थरथरते का? दोन मिनिटांत कळतं. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि बिघडल्यावर परत पाठवायचा खर्च आधी धरा.

इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी एक रस्ता मोकळा आहे. अर्डुइनो लिओनार्डोसारखा बोर्ड कॉम्प्युटरला गेम कंट्रोलर म्हणून दाखवता येतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारली की पोटेन्शियोमीटर, स्विच, वायर सगळं मिळतं. स्टिक घरी बनवणं अवघड आहे, कारण स्प्रिंग आणि सांधे नीट बसावे लागतात. थ्रॉटल म्हणजे शेवटी एकाच रेषेत सरकणारी दांडी. तो जमतो, आणि मिनी प्रोजेक्ट म्हणून दाखवताही येतो.

काही जण म्हणतील, एवढा विचार कशाला, गेमपॅडवर मजेत उडतोय की. उडा ना! पवना नदीवरून मावळात धरणापर्यंत चक्कर मारायची, वरून गड-किल्ले बघायचे, यासाठी गेमपॅड भरपूर आहे. त्यासाठी जॉयस्टिक घ्यायची काहीच गरज नाही. मी बोलतोय ते ज्यांना नीट उतरायला शिकायचंय, त्यांच्याशी.

आणि शेवटी, ज्यांना खरंच पायलट व्हायचंय त्यांच्याशी. घरात 'हे काय खेळणं' म्हणून ऐकून घ्यावं लागतं आणि आपण 'ही प्रॅक्टिस आहे' म्हणून भांडतो. दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. चेकलिस्टची सवय, डायलवर नजर फिरवणं, रेडिओवर बोलायची पद्धत, हे घरच्या सिमवर शिकता येतं. पण डीजीसीएच्या कमर्शियल पायलट लायसन्सला लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणात तुमच्या टेबलावरचा एक मिनिटही धरला जात नाही. ते तास बारामती, धुळे, गोंदियासारख्या ठिकाणच्या धावपट्टीवरच भरतात, आणि त्यांना कित्येक लाख लागतात.

म्हणून हे स्वप्न खरं असेल तर महागड्या सेटचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल करून घ्या. डोळे, कान, हृदय उड्डाणासाठी फिट आहेत का, हे लाखो रुपये भरायच्या आधी कळलेलं बरं. फिट निघालात तर घरच्यांशी बोलायला हातात एक कागद असेल. तोपर्यंत साधी जॉयस्टिक चालेल. गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधल्या डायमंड डीए-४० मध्येही योक नाही, स्टिकच आहे, आणि तिच्यावर तीस बटणं नाहीत.