न पेटणाऱ्या ज्योतीची शहाणीव

उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या सोलापुरात विस्तवाच्या साह्याने पाणी गार करण्याची गोष्ट कोणी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी हे स्वाभाविकच होय. परंतु स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यालयात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुणांनी १९२२ साली ही गोष्ट सिद्ध करून दाखविली. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यातील अमोनिया विलग होतो, बाहेरच्या हवेने निवून द्रवरूप पावतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात बाष्परूप होताना फ्रिजच्या कपाटातील उष्णता शोषून घेतो आणि पुनश्च पाण्यात विलीन होतो. या चक्रात ना मोटार, ना आवाज. रॉकेलच्या ज्योतीवर चालणाऱ्या अशाच फ्रिजांनी वीज न पोहोचलेल्या गावांच्या दवाखान्यांत लसी सांभाळल्या. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागे, आणि वात सरळ कापून ज्योत निळी राखणे हे तेथल्या कर्मचाऱ्याचे नित्यकर्मच असे.

तेच यंत्र आता गॅसवर चालणारे होऊन सहलीच्या गाडीत बसले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण जाहीर केले. सोलापुरास मुक्काम ठेवून पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करावे, किंवा माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळाकडे जावे, या बेतास अशी गाडी सोयीची खरीच. बॅटरीवर चालणारा फ्रिज असेल तर प्रश्न नाही; गॅसचा असेल, तर मात्र भर उन्हात गाडी उभी करून गुडघे टेकलेला गृहस्थ बटण दाबतो, ठिणगी पडते, ज्योत उमटते, आणि हात काढताच विझते. मग तो यंत्राला, विक्रेत्याला आणि अखेरीस सहलीची कल्पना काढणाऱ्या नातलगाला दोष देतो.

वस्तुतः ज्योतीत एक लहानसे धातूचे टोक असते, ज्याला थर्मोकपल म्हणतात. ते तापले म्हणजे किंचित वीज उत्पन्न होते, त्या विजेने गॅसची झडप उघडी धरली जाते, आणि ज्योत विझली की टोक थंड होऊन झडप आपोआप मिटते. टोक तापेपर्यंत बटण दाबून धरावेच लागते. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतील हवा निघून जाईपर्यंत गॅस बर्नरपर्यंत येतच नाही. आणि गाडी सपाटीवर उभी नसेल तर आतील द्रवाचे वहन बिघडून यंत्र तापते, पण गार करीत नाही. आपल्याकडच्या सिलिंडरात प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. सोलापूरच्या हवेत त्याचे बाष्पीभवन अडत नाही, तथापि रेग्युलेटरचा दाब यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाशी जुळतो की नाही याची खातरजमा करून घेतलेली बरी. धूळ वा काजळी बसून जेट तुंबले असेल, तर रॉकेलच्या स्टोव्हवर वाढलेल्या आपल्या पिढीचा हात लगेच पिनेकडे जातो. तो आवरावा, कारण पिनेने छिद्र रुंदावले की ज्योत पिवळी, धूरकट होते आणि दोष वाढतो.

मला खरे बोलायचे आहे ते याच्या पुढच्या अवस्थेविषयी. वारंवार विझणाऱ्या ज्योतीला कंटाळून एखादा हिकमती कारागीर थर्मोकपलची झडप कायमची उघडी राहील अशी तजवीज करून देतो, आणि मालकही त्याला चहापाणी देऊन खूश होतो. ज्योत पेटते खरी. पण पुढे रात्री वाऱ्याने ती विझली, तर हवेहून जड असा हा गॅस बंद गाडीच्या तळाशी, नेमका झोपलेल्या माणसांच्या पातळीवर, साचत राहतो. न पेटणे हा यंत्राचा दोष नसून विवेक आहे, हे ज्याला समजत नाही त्याच्या हाती मुलाबाळांची गाडी सोपवू नये.

घरगुती सवलतीचा लाल सिलिंडर व्यावसायिक गाडीत वापरण्याला कायद्याची मुभा नाही, हे सर्वांना ठाऊक असूनही तोच बसविण्याचा मोह होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यापुढे या यंत्राने हार मानावी, यात नवल नाही. बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की अमोनियाने निवावे तरी कशाने? फ्रिजच्या मागची झरोक्याची बाजू सावलीत ठेवणे एवढाच त्यावर इलाज. धावत्या गाडीत ज्योत पेटती ठेवू नये, आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी ती विझवावी, हे तर सांगण्याचीही गरज पडू नये.

भाड्याने गाडी देणाऱ्याने फ्रिज पेटवून दाखविल्याशिवाय, व मराठीतली सूचनापाटी त्यावर लावल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, आणि परवाना देणाऱ्या खात्याने तपासणीत झडप व तळाचे झरोके अवश्य पाहावेत, अशी माझी दरखास्त आहे. तोपर्यंत गाडी ताब्यात घेणाऱ्या वाचकाने ज्योत पेटवावी, गॅसची चावी फिरवून ती विझवावी, थोडा वेळ थांबावे, आणि झडप मिटल्याचा टक् असा बारीक आवाज आला नाही तर गाडी नाकारावी.