पाणी मोजणारे हात आणि संदर्भ मोजणारी पाने



आपल्या संघाची या वर्षीची स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. ज्या मलिंगार गावी बसून आम्ही हे संपादकीय लिहीत आहोत, ते गाव पाण्याच्या सान्निध्यात वसलेले आहे. उत्तरेस लॉख ओवेल, दक्षिणेस लॉख एनेल ही सरोवरे आहेत. ओवेलच्या पाण्यावर रॉयल कालवा भरतो. मेट एरन या आयरिश हवामान खात्याचे एक निरीक्षण केंद्रही येथेच आहे. पाऊस ही येथे तक्रारीची बाब आहे. ज्यांनी बालपणी हंडाभर पाण्यासाठी आपल्या आईला दुसऱ्याच्या विहिरीपाशी ताटकळत उभी पाहिली, त्यांना ही तक्रार ऐकून प्रथम हसू येते आणि मग काही वेळ बोलवत नाही.

गेल्या हिवाळ्यात आपल्याच परिवारातील एक कन्या आमच्या घरी आली होती. या देशातील एका विद्यापीठात ती जलविज्ञानात पीएच.डी. करीत आहे. मराठवाड्यातील भूजल हा तिचा विषय. एकाच गावातील दोन वस्त्यांपैकी एकीची विहीर फेब्रुवारीत तळ दाखविते आणि दुसरीची मे अखेरपर्यंत पुरते. यात खडकाचा भाग किती आणि विहीर कोठे खोदू दिली गेली याचा भाग किती, हे तिला मोजून सांगावयाचे आहे. तिला एका ज्येष्ठ संशोधकाने सल्ला दिला की, हा विषय सोडावा. त्याला संदर्भ मिळणार नाहीत. उपग्रहाचे काम घ्यावे, नाही तर संगणकास हवामान शिकविण्याचे घ्यावे. नोकरी त्यावर मिळते. तिने आम्हांस विचारले, "काका, मी काय करू?"

आम्ही वैद्यकाचे पदवीधर. पाण्याचे शास्त्र आमचे नव्हे. परंतु हा प्रश्न एका मुलीपुरता नाही, म्हणून आम्ही काही महिने त्याचा अभ्यास केला आणि तो आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

एखाद्या शोधनिबंधाचा आधार पुढील किती निबंधांनी घेतला, याची मोजणी म्हणजे संदर्भगणना. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची सुरू केली. कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत हे ठरविण्यासाठी त्यांनी एक माप योजिले. त्यालाच इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना या वर्षी किती संदर्भ मिळाले, त्यास निबंधांच्या संख्येने भागावयाचे, इतकेच ते गणित आहे. १९७५ पासून हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी व्यक्तीसाठीही माप दिले: ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ आहेत, त्याचा एच-निर्देशांक दहा. नियतकालिके निवडण्यासाठी जन्मलेले माप हळूहळू माणसे निवडण्यासाठी वापरले जाऊ लागले. तापमापक रुग्णाच्या तोंडात ठेवावयाचा असतो. त्यावरून रुग्णाची लायकी ठरवावयाची नसते, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

हे दोन वर्षांचे माप पावसाच्या आणि पाण्याच्या शास्त्रास किती अपुरे आहे, हे आपल्याच देशातील एका उदाहरणावरून दिसते. १८७६ ते १८७८ आणि १८९९ च्या दुष्काळांनी भारत होरपळून निघाला होता. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सून बुडणार की नाही हे आधी सांगता यावे, म्हणून त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरील हवेचा दाब, पाऊस आणि तापमान यांच्या नोंदी जमविल्या व कारकुनांकरवी त्यांचे परस्परसंबंध हातांनी काढविले. पॅसिफिक महासागराच्या पूर्वेस दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, हा झोका त्यांना सापडला. त्यास त्यांनी सदर्न ऑसिलेशन हे नाव दिले. ते निबंध १९२३ आणि १९२४ मध्ये खात्याच्याच मेमॉयर्समध्ये छापले गेले. कारण सांगता न आल्यामुळे अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी समुद्राच्या तापमानाशी त्या झोक्याचा दुवा जोडला आणि वातावरणातील त्या अभिसरणास वॉकर यांचे नाव दिले. आज एल निनोचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडीही आहे. मध्ये ४५ वर्षे गेली. दोन वर्षांच्या मापाने त्या निबंधांना कोणती किंमत मिळाली असती?

तथापि, संदर्भगणनेस केवळ नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. आपल्या या आयर्लंडचेच एक उदाहरण पाहा. गॉलवेच्या विद्यापीठात अभियांत्रिकी जलविज्ञानाचे प्राध्यापक असलेले जे. ई. नॅश यांनी जे. व्ही. सटक्लिफ यांच्यासह १९७० मध्ये जर्नल ऑफ हायड्रॉलॉजीमध्ये अवघ्या नऊ पानांचा एक निबंध लिहिला. नदीच्या प्रवाहाचे भाकीत कितपत खरे उतरले, हे पाहण्याची साधी कसोटी त्यात आहे. भाकीत तंतोतंत जुळले तर एक. रोज नुसती सरासरी सांगण्याइतकेच उपयोगी ठरले तर शून्य. त्याहून वाईट असेल तर उणे. जलविज्ञानात सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या निबंधांत त्याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. कारण ते हत्यार जगातील कोणत्याही नदीवर चालते. नॅश यांच्या विभागात आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थी शिकून गेले आणि ती कसोटी आपल्या नद्यांवर घेऊन गेले. संदर्भ हा असा उपयोगाच्या वाटेने आला, तर तो मानाचाच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. ज्यांची शिफारस करणारे कोणी नसते, त्यांना कधी कधी आकड्याचाच आधार असतो. परीक्षेतील गुणांनी आपल्या कितीतरी मुलांना अशा दारांतून आत नेले, जेथे आडनाव ऐकून बाहेर ठेवले गेले असते. म्हणून आकडा फेकून द्या असे आम्ही म्हणणार नाही. आकडा काय मोजतो आणि काय मोजीत नाही, एवढे ओळखा, असे म्हणू.

आता तिला सुचविलेल्या दोन वाटा पाहू. २००२ मध्ये अवकाशात गेलेल्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूजलाचा अंदाज घेतला. त्यावर आधारलेला, राजस्थान, पंजाब आणि हरियाणा येथील भूजल खालावत असल्याचे सांगणारा निबंध २००९ मध्ये नेचरमध्ये आला व जगभर गाजला. काम मोलाचे होते. परंतु त्या उपग्रहांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असे. मराठवाड्याचा खडक बेसाल्टचा. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. एका विहिरीस भेग लागते, शंभर पावलांवरील दुसरीस लागत नाही. ही गोष्ट आकाशातून दिसत नाही. आणि कोणत्या वस्तीला कोठे खोदू दिले गेले, हे तर मुळीच दिसत नाही.

दुसरी वाट संगणकाची. २०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट या प्रणालींवरील निबंध अनुक्रमे नेचर व सायन्समध्ये आले. दहा दिवसांचे भाकीत काही क्षणांत करणाऱ्या या प्रणालींनी क्षेत्राचा ओघच बदलला. पण त्या शिकल्या कशावर? युरोपीय मध्यम-मुदत हवामान केंद्राच्या ईआरए-५ या संग्रहावर. आणि तो संग्रह उभा आहे गेल्या अनेक दशकांत उपग्रहांनी, विमानांनी, जहाजांनी व जमिनीवरील ठाण्यांनी घेतलेल्या नोंदींवर. शिखराचे नाव होते. पायऱ्यांचे होत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी १८७१ पासूनच्या भारतीय पावसाची मालिका ३०६ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून सिद्ध केली. मान्सूनवर लिहिणारे जगभरचे अभ्यासक तिचा आधार घेतात. त्या प्रत्येक केंद्रावर कोणीतरी रोज सकाळी नळी उचलून पाणी मोजीत होते आणि वहीत आकडा लिहीत होते. त्यांचे नाव कोणत्याही सूचीत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅकसॉड येथे मॉरीन फ्लॅव्हिन ही तरुणी टपाल कचेरीत काम करता करता हवामानाच्या नोंदी घेत असे. जून १९४४ मध्ये तिने कळविलेल्या उतरत्या दाबाच्या नोंदींमुळे नॉर्मंडीवरील स्वारी ५ जूनवरून ६ जूनवर गेली. आपल्या नोंदीने काय केले, हे तिला १९५६ पर्यंत ठाऊकही नव्हते.

अनुल्लेखाची ही व्यथा आपणांस नवी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याविषयी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास, आणि ओरिसाच्या नद्यांविषयी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला, ज्या परिषदा झाल्या त्यांचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले. पूर ही पाण्याची अधिकता म्हणून शत्रू मानू नये, पाणी साठवून कामास लावावे, असा त्यांचा कटकचा प्रतिपाद्य विषय होता. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याने उभारली. धरणांचा इतिहास सांगणाऱ्या लेखनात मात्र त्यांचे नाव दीर्घकाळ क्वचितच येई. १९९३ मध्ये त्या आयोगानेच त्यांच्या जलविषयक कार्यावर ग्रंथ काढला, आणि २०१६ पासून १४ एप्रिल हा दिवस शासकीय पातळीवर जल दिवस म्हणून मानला जाऊ लागला. ज्यांनी १९२७ साली चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क सिद्ध केला, त्यांनीच पुढे पाण्याचे नियोजन केले. पहिली गोष्ट आपण घराघरांत सांगतो. दुसरी सांगण्यास कागद शोधावे लागले. संदर्भ न देणे ही निरुपद्रवी विस्मृती नसते; त्यातून पुढच्या पिढीला वाटू लागते की, येथे आपले कोणी नव्हतेच.

म्हणून आम्ही त्या मुलीला जे सांगितले ते येथे लिहितो. विषय सोडू नकोस. पण तो कोपऱ्यात लिहू नकोस. प्रत्येक विहिरीची पातळी, तारीख, वेळ आणि जागा अशी नोंद ठेव की, कोणालाही ती तपासता यावी व वापरता यावी. बेसाल्ट मराठवाड्यातच नाही, आणि वस्तीवस्तीतील भेदही जगात एकाच ठिकाणी नाही. तुझा निष्कर्ष जेथे जेथे लागू पडेल तेथे तो पोहोचेल अशा नियतकालिकात पाठव. त्याच निष्कर्षाचे चार पानांचे मराठी टिपण त्या गावच्या ग्रामपंचायतीस दे. ज्यांचे पाणी मोजले, त्यांना हिशेब कळला पाहिजे. आणि ज्या बायाबापड्या रोज दोर सोडून तुला पातळी सांगतील, त्यांची नावे, त्यांची संमती घेऊन, निबंधात लिही. आपले नाव गाळले गेले याचे दुःख ज्यांना आहे, त्यांनी दुसऱ्याचे गाळू नये.

जगही थोडे जागे होत आहे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची पारख करू नये, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या बैठकीतून निघाला आणि पुढे अनेक संस्थांनी त्यावर सही केली. भारत सरकारने २०२५ पासून एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना आणून सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. वाचण्याचा अडसर त्यामुळे कमी होईल. परंतु खुल्या नियतकालिकांत छापण्याचे शुल्क अनेकदा लेखकालाच भरावे लागते, आणि क्षेत्रकार्याचा प्रवास कोणतीही वर्गणी देत नाही.

येथे आपल्या संघाचे कर्तव्य सुरू होते. भीमजयंतीच्या भोजनावर आपण जो खर्च करतो, त्याचा एक लहानसा भाग दरवर्षी पाणी, हवा, शेती किंवा आरोग्य यांवर गावपातळीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी व छपाईशुल्कासाठी बाजूला काढावा, असा आमचा प्रस्ताव आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. पालकांनाही एक विनंती. मुले संशोधनात गेली की, त्यांना किती संदर्भ झाले हे विचारण्याआधी, काय सापडले ते विचारावे.

ती मुलगी या मे महिन्यात मराठवाड्यात जात आहे. विहिरी तळाला जातात तो महिना. तिची नोकरी कोठे लागेल, तिच्या निबंधास कोण संदर्भ देईल, हे आम्हांस सांगता येत नाही. मात्र पहिला वाचक म्हणून आपला संघ तिच्यामागे उभा राहावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!