बाजा मांडणारा माणूस

वाचकहो, यंदाची लावणी आटोपली आणि आता घरोघरी गणपतीचे वेध लागतील. महाडच्या बाजारपेठेत असो की पोलादपूरच्या एखाद्या वाडीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून भगवानदादांसारखा नाचतोच. ती ढब ज्या 'अलबेला' चित्रपटाने गावोगावी नेली, तो आला 1951 साली. नाच भगवान पालव यांचा, चाली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या. ही दोन नावे तुम्हांला ठाऊक आहेत. आज तिसऱ्या नावाची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव गोव्यातले हळदोणे. मुंबईत सगळे त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत. वाद्य ट्रंपेट. लग्नाच्या बँडमध्ये गाल फुगवून, तीन खटके दाबून वाजवतात ना, तेच पितळी वाद्य. अमेरिकेतला काळा कलावंत लुई आर्मस्ट्राँग या वाद्याचा बादशहा. त्याच्या वळणावर चिक असा वाजवी की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड वाजत असे.

गोव्यात ही विद्या आली कुठून? पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर सुरांचे लेखन-वाचनही शिकवत. पाच रेघांवर मांडलेले सूर ती पोरे वर्तमानपत्र वाचावे तशी वाचत. घरची शेती पोटाला पुरेना, म्हणून ती मुंबईला निघत. आपल्याकडचे चाकरमानी जसे गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहत, तसे गोव्याचे लोक आपापल्या गावाच्या 'कुडा'त राहत. पोट एकच, वाट वेगळी.

आता चिकचे खरे काम पाहा. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती एका गळ्याची असते. पण गाण्यात तीस-चाळीस वादक असले, तर कोणी कुठे वाजवायचे? गायिकेने ओळ संपवली की उत्तर ट्रंपेटने द्यायचे की व्हायोलिनने? मागे ठेका हलका ठेवायचा की जड? हे सगळे ठरवून प्रत्येकाचा कागद वेगळा लिहायचा, याला संगीत-संयोजन म्हणतात. लावणीला दहा जणी वाफ्यात उतरतात, तेव्हा कोणी मूठ टाकायची, कोणी रेघ धरायची हे ठरलेले नसेल तर चिखलच तुडवला जातो. तसेच हे. त्या काळी सगळे गाणे एका दमात ध्वनिमुद्रित होई. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून कागद चोख असावा लागे.

चिक हा सी. रामचंद्रांचा सहायक होता. 'अलबेला'तल्या गाण्यांत जो नवा, फिरंगी ठेका लागला, त्यात त्याचा आणि त्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. त्यातल्या एका गाण्यात तो बँडसह पडद्यावरही दिसतो. त्याच साली 'नादान' या चित्रपटाला त्याने स्वतंत्रपणे संगीत दिले. पण संगीतकार म्हणून त्याचे नाव फारसे पुढे गेले नाही. 1967 साली, ऐन पन्नाशीत, तो वारला.

तबकडीवर नाव छापले जाई ते संगीतकाराचे आणि गायकाचे. संयोजकाला आणि वादकाला त्या बैठकीचे पैसे मिळत. तिथे हिशेब संपे. गाणे पुढे सत्तर वर्षे वाजले तरी त्यांचा त्यावर हक्क नाही. चाल रामचंद्रांचीच, त्यांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण पीक उभे राहिले ते किती हातांनी, हे सांगायला कोणाच्या बापाचे काय जाते?

मंडळी, दूरची गोष्ट म्हणून हे सोडून देऊ नका. आपल्या भागातल्या खालूबाजातही अशी माणसे आहेत. सनई कधी चढवायची, ढोलाने कुठे थांबायचे, टिमकीने कुठे उचलायचे, हे कोणा एका जाणत्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असते. चिकच्या सुरांचे कागद तरी होते. याचे तेही नाहीत. त्यात मोठ्या आवाजाच्या पेट्या आल्या आणि बाजाची सुपारी घटली. म्हातारा गेला की त्याच्याबरोबर सगळे जाईल.

तेव्हा दोन गोष्टी करा. हाती मोबाइल असलेल्या पोराला त्या म्हाताऱ्याजवळ बसवा. वाजवणे तर टिपून घ्याच, पण कोण केव्हा वाजवतो हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि सुरुवातीला त्याचे नाव व गाव म्हणवा. दुसरे म्हणजे, लग्नपत्रिकेत आपण काका, मामा, आत्या, झाडून सगळ्यांची नावे छापतो. पुढच्या पत्रिकेत एक ओळ वाजंत्र्यांच्या नावांचीही घाला. छपाईला जास्त पैसे पडत नाहीत.