गाव झोपलेलं असताना

पाटण तालुक्यावर गेल्या साठेक वर्षांत आलेली दोन मोठी संकटं घड्याळाशी ताडून पाहण्यासारखी आहेत. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. डिसेंबरातली थंडी, माणसं वाकळेत. सुमारे १८० जणांचा जीव गेला आणि कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा खिळखिळी झाली. दुसरं संकट २२ जुलै २०२१ च्या रात्रीचं. महाबळेश्वरात चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला आणि इकडे आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांत डोंगर घरांवर आला.

दोन्ही वेळा चर्चा झाली ती जमिनीची. धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. दरडींनंतर भूवैज्ञानिक गावोगावी जाऊन डोंगरांच्या भेगा पाहून आले. हे सगळं हवंच. पण अंथरुणातून दचकून उठलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललेलं असतं, याचाही जगात भरपूर अभ्यास झाला आहे. त्याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. आपली यंत्रणा असं धरून चालते, की माणूस एकतर झोपलेला असतो नाहीतर जागा; आणि जागा झाला की लगेच शहाण्यासारखा वागतो.

तसं होत नाही. जाग येणं ही बटण दाबल्यासारखी गोष्ट नसते. मेंदूच्या तळाकडचे भाग, म्हणजे श्वास, हालचाल, सावधपणा सांभाळणारे, आधी जागे होतात. कपाळामागचा भाग, जो दोन पर्यायांतून एक निवडतो, धोका जोखतो, ठरवतो, तो रेंगाळत मागून येतो. मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे. मधल्या काळात माणूस चालतो, बोलतो, दार उघडतो, पण त्याच्या विचाराला धार नसते. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेकांची ही गुंगी ओसरते. गाढ झोपेतून उठवलं किंवा आधीच झोपेची उधारी असली तर तासभरही टिकते.

आणि गाढ झोप येते ती रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात. आठ-साडेआठला जेवून नऊला आडवं होणाऱ्या डोंगरातल्या गावासाठी रात्री दहा-अकराची वेळ म्हणजे ऐन गाढ झोपेची. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी दरड आली ती साधारण याच सुमारास. वाडी निजली होती. शाळेच्या खोलीत जागी बसलेली काही पोरं वाचल्याच्या आणि त्यांनी आरडाओरडा केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पहाटे तीन ते पाच ही दुसरी वाईट वेळ. तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं आणि जागा असलेला माणूससुद्धा मंदावलेला असतो. कोयनेचा भूकंप याच वेळचा. किल्लारीचाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले.

भूकंपात हाताशी जेमतेम काही सेकंद असतात आणि किल्लारीत माणसं मारली ती दगडमातीच्या जाड भिंतींनी, हे खरंच आहे. तिथे जागा माणूसही फार काही करू शकला नसता. भूकंपावर उपाय घराच्या बांधणीतच आहे. पण दरडीचं आणि पुराचं तसं नाही. तिथे बऱ्याचदा आधी काही तास मिळतात. ते तास आपण कुठे घालवतो, हा प्रश्न आहे.

गुंगीतला माणूस काय करू शकतो, याचं देशातलं सर्वांत भीषण उदाहरण विमानाचं आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ माणसं गेली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीचा दीड तासाहून अधिक काळ संभाषण जवळपास नाही. मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज मात्र आहे. उतरण्याच्या थोडं आधी तो जागा झाला. दहा हजार तासांहून जास्त उड्डाणांचा अनुभव असलेला माणूस. विमान फार उंचावरून येत होतं, सहवैमानिकाने उतरणं रद्द करायला वारंवार सुचवलं, तरी तो रेटत राहिला. चौकशी अहवालाने त्याच्या चुकलेल्या निर्णयामागे ही झोपेची गुंगी नोंदवली आहे. प्रशिक्षण, वेतन, जबाबदारीची जाणीव, सगळं असताना असं घडलं. मग रात्री साडेअकराला पावसात उठवलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याकडून आपण कशाची अपेक्षा करतो?

त्याची रात्र जरा जवळून बघायला हवी. वीज संध्याकाळीच गेलेली. पत्र्यावर पावसाचा असा मारा, की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. हाताला बॅटरी लागत नाही. दाराला आतून अडसर, तो फुगून बसलेला. गोठा घरालाच लागून, दोन म्हशी दाव्याला. दावं भिजून गाठ घट्ट झालेली. बाहेर पडायचं तर आधी म्हशी सोडायच्या की नातवाला उचलायचं, की कोनाड्यातली कागदपत्रांची पिशवी घ्यायची? यातला प्रत्येक निर्णय कपाळामागच्या त्या भागाकडे जातो, जो अजून उठलेलाच नाही. मग हात सवयीचं काम करतो. माणूस म्हशी सोडायला जातो. तो हट्टी असतो म्हणून असं घडत नाही.

लहान मुलांचं तर आणखी अवघड. त्यांची झोप मोठ्यांहून गाढ असते. अमेरिकेतल्या कोलंबस इथल्या बालरुग्णालयात सहा ते बारा वर्षांच्या चोवीस मुलांवर एक प्रयोग झाला होता. आगीची सूचना देणारी नेहमीची कर्कश शिट्टी वाजवली तेव्हा सुमारे ५८ टक्के मुलं जागी झाली. आईच्या आवाजात नाव घेऊन ‘ऊठ, खोलीबाहेर ये’ असं ध्वनिमुद्रित करून ऐकवलं तेव्हा ९६ टक्के. प्रयोग लहान होता. पण त्याच गटाच्या पुढच्या, मोठ्या प्रयोगातही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनाही आढळलं, की चिरका आवाज झोपेत शिरत नाही, जाडसर खर्जातला आवाज शिरतो. कुंभकर्णाला उठवायला ढोल-नगारे का लागले, ते आता कळतं.

आता आपल्याकडचा इशारा बघा. मोबाइलवर येणारा आपत्तीचा तो थरथराटी संदेश २०२३ मध्ये देशभर तपासला गेला. कल्पना चांगली. पण डोंगरकुशीतल्या वाडीत रेंज असेल तर, मोबाइल चार्ज असेल तर, आणि उठलेल्या माणसाला गुंगीत दोन-तीन ओळींचा सरकारी मजकूर वाचून त्याचा अर्थ लागला तर. शासकीय मराठीत लिहिलेला ‘सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ हा आदेश दुपारी बारा वाजतासुद्धा चटकन डोक्यात उतरत नाही. कुठलं स्थळ? शाळा की देऊळ? ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?

गंमत म्हणजे याहून सरस साधन याच पट्ट्यात आहे. पुणे, सातारा, सांगली भागांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. गावातल्या एकाने ठरलेल्या क्रमांकावर फोन करून सांगायचं, की त्याच्याच आवाजातला निरोप नोंदणी झालेल्या सगळ्यांच्या फोनवर जातो. ती चोर-दरोडेखोरांच्या भीतीने गावात आली असली, तरी ओळखीचा आवाज, गावचीच बोली आणि ‘म्हशी राहू दे, पोरं घे, शाळेत ये’ इतका नेमका निरोप या तिन्ही गोष्टी तिच्यात आपोआप जमून येतात. पाटणच्या दरडप्रवण वाड्यांमध्ये प्रत्येक घराची नोंदणी करून घ्यायला फार खर्च येणार नाही.

भोंग्याचंही तसंच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. भोंगा झाला की टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. देशभर कौतुक झालं. त्यातला महत्त्वाचा भाग असा, की भोंग्याचा अर्थ गावाच्या अंगवळणी पडला. ऐकल्यावर विचार करावा लागत नाही. अर्धवट जाग्या माणसाकडून तेवढंच करून घेता येतं, जे त्याने आधी शंभरदा केलेलं आहे. आपत्तीच्या रंगीत तालमी मात्र सकाळी अकराला, अधिकारी आल्यावर, फोटोसाठी होतात. ज्या वेळी त्या लागणार त्या वेळी त्या कधीच घेतल्या जात नाहीत.

झोपेकडे असं दुर्लक्ष फक्त आपत्तीतच होतं असं नाही. शेतीपंपांची वीज आलटूनपालटून रात्री देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली. शेतकरी रात्री एकला उठून पाणी पाजायला जातो आणि त्याच ऊसपट्ट्यात बिबट्या फिरत असतो. दिवसा विजेसाठी आंदोलनं झाली, आता सौर वाहिनीच्या योजना आल्यात, उशिरा का होईना. रस्त्यावर तर आणखी विचित्र. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खालावते, हे १९९७ पासून प्रयोगांनी माहीत आहे. आपला कायदा ०.०३ टक्क्यांनाच गुन्हा ठरवतो. कुंभार्ली घाटात रात्री पोलिसांनी ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला तर तो निर्दोष सुटेल. त्याचं अंथरूण कधी पडलं होतं, हे त्याला कोणी विचारत नाही.

प्रशासनाच्या बाजूनेही एक अडचण आहे. पावसाळ्याआधी स्थलांतराच्या नोटिसा दरवर्षी निघतात आणि माणसं हलत नाहीत, कारण गुरं कुठे बांधायची याची सोय नोटिशीत नसते. चार वेळा हलवलं आणि दरड आली नाही, तर पाचव्यांदा कोणी ऐकत नाही. म्हणून निर्णय ढकलला जातो. पाऊस वाढतो, अंधार पडतो, आणि मग रात्री दहाला लोकांना उठवायची वेळ येते. गुंगीतल्या माणसाला अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेवरून न्यायचं काम तेव्हा बचाव पथकालाही झेपत नाही. २०२१ मध्ये आंबेघरसारख्या ठिकाणी पथकं पोचायलाच किती वेळ लागला, हे तालुक्याला आठवत असेल.

मागणी फार मोठी नाही. अतिवृष्टीचा लाल इशारा असेल त्या दिवशी दरडप्रवण वाड्या सूर्य मावळायच्या आत रिकाम्या व्हाव्यात, गुरांसह. त्यासाठी शाळेशेजारी गुरांची शेड बांधावी. अंधारानंतर हलवण्याची वेळ आली तर तो तहसील कार्यालयाचा उशीर मानून त्याची नोंद व्हावी. प्रत्येक वाडीत एकच ओळखीचा आवाज आणि एकच भोंगा ठरवावा. आणि पाटण तालुक्यात येत्या मे महिन्यात एकदा तरी, आधी सांगून, पहाटे चारला तालीम घ्यावी. तहसीलदारांनी त्या तालमीला स्वतः हजर राहावं, अंथरुणातून उठून.